बेंजोच्या सुरातली गिटार

जळगाव, ९ फेब्रुवारी २०२५

दादा, जय भीम.

फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, मग ‘तब्येत?’ विचारतोस, आणि पुढे तुझ्या कोल्ड स्टोरेजचा कंप्रेसरच माझ्याशी बोलत राहतो. त्याचा सूर बरा आहे, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. म्हणून यापुढे पत्र. पत्राला ‘हं’ म्हणता येत नाही. सिलिगुडीला टपाल नीट पोचतं ना, असं पोस्टातल्या बाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी चंद्रावर पाकीट पाठवतेय.

घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. नानांच्या गळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, गाठ साधी निघाली, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. एक गोष्ट सांगितली नव्हती. नानांचा आवाज उतरलाय. बसला नाही, उतरलाय. काळी चारमध्ये गाणारा माणूस, ज्याला माइक लागायचा नाही, त्याचा आवाज आता पांढरी एकच्या वर गेला की फाटतो. डॉक्टर म्हणतात, गायला हरकत नाही. हरकत नानांचीच आहे.

ऑपरेशनपासून त्यांनी बेंजोवरचं कापड काढलेलं नाही. आई रोज संध्याकाळी कापडावरची धूळ झटकते आणि कापड पुन्हा तसंच घालते. लीलाधर काका दर रविवारी ढोलकी घेऊन येतात, चहा पितात, क्रिकेटवर बोलतात आणि ढोलकीची पिशवी न उघडता परत जातात. परवा मी धुळ्याला घरी गेले होते तेव्हा धीर करून विचारलं, नाना, जयंतीला गाणार ना? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मन्हा आवाज आते खाले उतरी गया. बेंजो तठे येत नही.”

त्यांचं खरंच आहे. बेंजोच्या तारा इतक्या खाली सोडल्या तर त्या लोंबकळतात, बटण दाबलं की नुसती खडखड. मी कॉलेजात पोरांना तारेचा ताण फळ्यावर काढून दाखवते, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. पण येताना बसमध्ये एरंडोलच्या जवळ कुठेतरी डोळा लागता लागता मनात आलं, की बेंजो येत नसेल तिथे, गिटार येईल.

तुझी गिटार. ती माझ्याकडे जळगावला आहे, आणि ती माझी आहे असं मी अजून कोणालाही म्हटलेलं नाही.

तर मला हवंय ते एवढंच: चौदा एप्रिलला नानांनी गावं, खालच्या सुरात का होईना. या जयंतीला ते गप्प बसले तर त्यांना गप्प बसायची सवय होईल. आपल्या घराला ती सवय फार पटकन लागते, हे तुला मी काय सांगू. मला त्यासाठी तुझी मदत लागणार आहे, कशी ते पुढे लिहीन.

मी तुला लिहितेय हे नानांना माहीत नाही.

प्राची


पारोळा बसस्थानक, २३ फेब्रुवारी

दादा,

बस पंक्चर झाली आहे. कंडक्टर म्हणतो अर्धा तास, म्हणजे पत्र पुरं होईल. समोर उसाच्या रसवाल्याच्या चरकाला घुंगरू बांधलेत, त्यांचा ठेका एका कानात आणि दुसऱ्या कानात आपली सातवाली बाई. ऊन असं पडलंय की उभ्या एसटी पाण्याखाली असल्यासारख्या हलतात.

सातवाली आठवते ना? जळगावच्या फुले मार्केटमधून तू आणलेली ती सीडी. वर जळत्या मोटारीचं चित्र, आत दीडशे इंग्लिश गाणी आणि एकाचंही नाव नाही, नुसते आकडे. मग नावं आपणच ठेवली. सातवाली बाई, जिचा आवाज ऐकला की तू म्हणायचास, कोणीतरी उंचावरून पांढरी साडी सोडतंय. तेरावा, जो घसा साफ न करताच गायला बसायचा. आणि तो तालाचा माणूस, ज्याचा ठोका कायम केसभर उशिरा पडायचा, तो लीलाधर काकांचा जत्रेत हरवलेला भाऊ. काकांना ऐकवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, याला घाई नाही, चांगल्या घरचा आहे.

त्या गाण्यांतलं इंग्रजी आपल्याला कळत नव्हतं, हे किती बरं झालं. शब्द कळले असते तर आपण शब्दच ऐकले असते. तू मला अंगठा ऐकायला शिकवलंस. वर बोटं काहीही करोत, खाली अंगठा एकाच सुरावर चालत राहतो, आजोबा भिंतीला टेकून एकतारी छेडायचे तसा. तू म्हणायचास, ही सगळी माणसं आपल्यातलीच आहेत, नुसती लांब राहतात.

आणि गिटार घरी आली तो दिवस. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानात नानांना मिळाली होती, तारा सगळ्या सैल सोडलेल्या, एक तर नव्हतीच, तिथे बेंजोचीच तार चढवली. आपल्या घरात गिटार कशी लावतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण सूर लावणारा माणूस होता. नानांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि बेंजो लावतात तशीच लावली. सा प सा प प सा. शेजारशेजारच्या त्या दोन प-च्या तारा अगदी एका सुरात, म्हणून छेडल्या की त्यांच्यामधून बारीक झणक निघायची. आई चुलीकडून म्हणाली, “बेंजोनी मोठी बहीण दिखस.” तू ती उभी धरलीस आणि तशीच शिकलास. मी तुझं बघून तशीच शिकले. गिटार म्हणजे अशीच असते, हे आपण सूर्य पूर्वेला उगवतो तसं धरून चाललो होतो.

मग नानांची गाणी. अंतरा संपला की बेंजो चार ओळी वाजणार, आणि बेंजोच्या पाठोपाठ तुझी गिटार उत्तर देणार. शाळेच्या पाटीचं त्यांचं गाणं आहे ना, त्यातलं तुझं ते उत्तर अजून कोणाला तसं जमलेलं नाही. मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस.

कंडक्टर शिटी मारतोय. तुझा कंप्रेसर कुठल्या सुरात आहे ते एकदा बघून कळव. सावद्याच्या केळीच्या कोल्ड रूममध्ये तू कामाला होतास तेव्हा म्हणायचास की तिथला पांढरी दोनमध्ये गुणगुणतो.

प्राची


जळगाव, १६ मार्च

दादा,

दोन पत्रांना उत्तर नाही. ठीक आहे. भिंतीवर चेंडू मारला तर निदान परत येतो, पण मी रागावलेली नाही.

आज मला तुला ते सांगायचंय जे मी बरीच वर्षं साठवून ठेवलंय. आधी वाईट भाग. पुण्याच्या गिटारच्या क्लासमध्ये काय झालं ते तू कधी बोलला नाहीस, पण तुझ्यासोबत गेलेल्या रुपचंदने मला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी तुझी गिटार हातात घेतली, एकदा छेडली आणि सगळ्या वर्गाला विचारलं, हे काय आहे? वर्ग हसला. सरांनी खुंट्या फिरवून ती ‘नीट’ लावून दिली, आणि तू इतकी वर्षं शिकलेलं सगळं एका मिनिटात चुकीचं झालं. प्रत्येक सूर दुसऱ्याच घरात जाऊन बसला.

त्यानंतर तू जयंतीला घरी आलास तो ती तशीच लावून. नानांना काही सांगितलं नाहीस. स्टेजवर पाटीचं गाणं सुरू झालं, बेंजोची ओळ झाली आणि तुझं उत्तर आलं ते भलत्याच सुरात. नानांना वाटलं तू थट्टा करतोयस. तुला वाटलं, नानांना आता तरी कळेल की त्यांनी काय शिकवलं. मी स्टेजखाली पहिल्या रांगेत बसले होते, मला तुमचे दोघांचे चेहरे दिसत होते. नाना माइकमध्ये म्हणाले, “गितार बंद.” दोनच शब्द, सगळ्या वस्तीसमोर. लोक हसले. तू गिटार स्टेजच्या कडेला आडवी ठेवलीस, खाली उतरलास आणि सावद्याची बस धरलीस. सावद्याहून नाशिक, नाशिकहून सिलिगुडी. मधे दोनदा आलास तो पाहुण्यासारखा, बॅग दारातच ठेवून.

आता चांगला भाग. दादा, तो वर्ग चुकीचं हसला.

सातवाल्या बाईचं नाव जोनी मिचेल. लहानपणी तिला पोलिओ झाला होता, डाव्या हातात जोर नव्हता. सगळे दाबतात तसे सूर तिला दाबता येईनात, म्हणून तिने खुंट्याच वेगळ्या पिळल्या आणि प्रत्येक गाण्यासाठी गिटार आपल्या हाताप्रमाणे लावली. आपण तिला ऐकत होतो ना, दुपारी, गोधडीखाली रेडिओसारखा तो सीडी प्लेअर घेऊन, तेव्हा तिचीसुद्धा गिटार मास्तरांच्या हिशेबाने ‘चुकीची’ होती. विलायतेतला एक डेव्ही ग्रॅहम म्हणून होता, तो मोरोक्कोला गेला. तिथले लोक त्यांचं वाद्य, ऊद, वाजवत होते. त्यांच्यात बसून वाजवायचं तर आपली गिटार त्यांच्यासारखी लावली पाहिजे, म्हणून त्याने सा आणि प धरून तारा बदलल्या. आज जगभर लोक ते शिकतात, त्यावर क्लास चालतात. तिथल्याच कीथ रिचर्ड्स नावाच्या गिटारवाल्याने तर एक तार काढूनच टाकली आणि पाच तारांवर आयुष्य काढलं. त्यांच्या तारा अगदी आपल्यासारख्या नव्हत्या, पण मन आपल्यासारखं होतं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मेहरुण तलावाच्या काठी बसले होते. कानात तीच सातवाली आणि समोर पाण्यावर बदकं. मी तिथे एकटी बसून रडले, एक बाई येऊन विचारून गेल्या, काय झालं पोरी? काय सांगणार होते? आमच्या वडिलांनी गिटार बरोबर लावली होती, असं?

नानांनी तेच केलं होतं जे ग्रॅहमने केलं. घरात बेंजो होता, त्याच्या शेजारी बसायचं तर गिटारने बेंजोचं ऐकलं पाहिजे. यात चूक कुठे आहे ते मला दाखव.

आणि आता मदत. नानांच्या आताच्या सुरासाठी मी सगळ्या तारा आणखी बऱ्याच खाली सोडून पाहिल्या. जाड तार फडफडते, पारव्याच्या पंखासारखी. गेल्या रविवारी धुळ्याला बसून तशीच वाजवत होते तर नाना न्हाणीघरातून बाहेर आले, थोडं ऐकलं आणि म्हणाले, “ही काबर रडी राहिनी?” इतक्या महिन्यांत वाद्याविषयी बोललेलं हे पहिलं वाक्य. जळगावात सगळ्यांकडे एकाच जाडीच्या तारा आहेत. तुला तारांचं कळतं. कुठल्या घालू?

सातवाल्या बाईचं एक सांगायचं राहिलं. म्हातारपणी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बोलणं गेलं, चालणं गेलं, गिटार तर गेलीच. मग ती स्वतःचेच जुने व्हिडिओ लावून बघायची, आपण बोटं कुठे ठेवत होतो, आणि पुन्हा शिकली. खुर्चीत बसून लोकांसमोर गायली. आवाज पार खाली आलेला, पांढऱ्या साडीची आता जाड गोधडी झालेली. मी ते बघितलं आणि मला नाना दिसले. खरं सांगू तर आधी तू दिसलास, मग नाना.

मला तुझी आठवण येते.

प्राची


धुळे, ६ एप्रिल

दादा,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही, मी पाकीट उलटं करून झटकलं. पण तारांची पुडकी आहेत, तीसुद्धा एक नाही, आणि सगळ्यात जाड, सहाव्या तारेच्या पुडक्यावर तू पेनाने टिंब केलं आहेस. ते टिंब मी पत्र समजून वाचलं.

नाना ओट्यावर बसले होते. मी पुडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तार काढली, दोन बोटांत धरून लांबवर चाचपली, आई शेवया चाचपते तशी. मग विचारलं, “त्यानी धाडं का?” मी हो म्हटलं. ते उठून आत गेले. मला वाटलं संपलं. तर ते चष्मा घेऊन परत आले.

तारा मी चढवल्या, खुंट्या त्यांनी पिळल्या. गिटार पुन्हा मांडीवर आडवी, त्या दिवशीसारखी. घरातला पंखा बंद करायला लावला, आईला कुकर उतरवायला लावला. आधी जाड तार, आणि तिच्या सुरावर बाकीच्या एकेक. शेवटची लागल्यावर त्यांनी सगळ्यांवरून एकदा अंगठा फिरवला. दादा, तो आवाज कसा सांगू तुला. उन्हाळ्यात माठाच्या तोंडाशी तोंड नेऊन हाक मारली की आतून जो येतो, तो. ओट्यावरून रस्त्यावर गेला आणि समोरच्या लताबाई वाळत घातलेले पापड सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

नानांनी घशातल्या घशात सूर धरला. पांढरी एक. नुसता ‘हं’. तुझ्या फोनवरच्या ‘हं’सारखाच होता, आता कळलं कोणाकडून आलाय. मग पाटीच्या गाण्याची पहिली ओळ, त्यांची आई सरपणाची मोळी विकून पाटी आणते ती. पूर्वी ती ओळ ते आभाळात फेकायचे. आता ती शेजारी बसून कोणालातरी सांगितल्यासारखी आली. आईने कुकर पुन्हा चढवलाच नाही, रात्री आम्ही पापड आणि दही खाल्लं.

लीलाधर काकांनी आज ढोलकी उघडली. वादी सैल करत करत तीही खाली आणली. नानांकडे बघत म्हणाले, सगळेच उतरू या, एकटा आधारभाऊच कशाला.

आता एक कबूल करते. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की नानांना माहीत नाही. ते खोटं होतं. तुझा नवा पत्ता माझ्याकडे नव्हताच, तो नानांच्या डायरीत होता. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. जळगावला लिहिलेली पत्रंही मी इथे घेऊन येते आणि पेटीत टाकायला तेच जातात, रिक्षा न करता, चालत. आत मी काय लिहिते ते विचारत नाहीत. काल एवढंच म्हणाले, “उन्हाळामा सुट्टी ऱ्हास का त्याले?”

मी म्हटलं, आंब्याचा सीझन असतो नाना, त्याला कुठली सुट्टी. ते म्हणाले बरं. पण चौदा तारखेला आहे कार्यक्रम, संध्याकाळी, मिरवणुकीच्या आधी. मी वाजवणार आहे. तू यावंस असं मी लिहीत नाही, तू ते वाचलंस एवढं पुरे.

प्राची


धुळे, १५ एप्रिल

दादा,

तू आला नाहीस. मी सांगते काय झालं ते.

वस्तीच्या मैदानावर निळी झालर, खुर्च्या भरलेल्या, पाठीमागे मिरवणुकीचा डीजे उभा. पोरांना घाई होती, ते म्हणत होते, आधारभाऊंची दोन गाणी आणि मग आमचं. नाना पांढऱ्या कुडत्यात, आईने इस्त्री केलेल्या. मी शेजारी खुर्चीवर, गिटार मांडीला. बेंजो घरीच राहिला होता.

पहिलं गाणं झालं. लोकांना आवाज ओळखता आला नाही, कुजबुज झाली, मागे कोणीतरी विचारलं, हे आधारभाऊच आहेत का? नाना गात राहिले. त्या खालच्या आवाजाचं एक असं आहे की तो ऐकायचा तर आपल्याला गप्प बसावं लागतं. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मैदान गप्प होतं. डीजेवाला, लीलाधर काकांचा पुतण्या, त्याने मशीनची हिरवी लाइटसुद्धा बंद केली.

मग पाटीचं गाणं. अंतरा झाला. बेंजोच्या ओळी मी गिटारवर वाजवल्या, त्या मला येतात. त्यानंतर तुझं उत्तर. मी ते रोज जळगावच्या खोलीत बसवत होते, फार बरं नाही पण जमत होतं. मी बोटं ठेवली आणि नानांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. थांब, असा. मी थांबले. नानाही थांबले. काका मात्र ठेका धरून होते, केसभर उशिरा, शांत. तुझं उत्तर जेवढा वेळ चालायचं तेवढा पूर्ण वेळ नुसती ढोलकी वाजली. लोकांना वाटलं नाना शब्द विसरले, पुढच्या रांगेतून एका आजींनी शब्द सांगितलेसुद्धा. नानांनी मान हलवली. वेळ भरला, आणि ते बरोबर समेवर पुढचा अंतरा घेऊन आले.

प्रत्येक अंतऱ्याला त्यांनी हेच केलं. तिसऱ्या वेळी कोणी कुजबुजलं नाही, सगळं मैदान त्यांच्याबरोबर थांबलं होतं. पूर्ण भरलेल्या मैदानात एवढी मोकळी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला त्यात तू अगदी स्पष्ट ऐकू येत होतास.

घरी आल्यावर मी चिडले. म्हटलं, नाना, मी शिकले होते ते, मला का नाही वाजवू दिलं? ते कुडता काढून घडी घालत होते. म्हणाले, “तू बठ्ठं चांगलं वाजाडं. तेवढं त्यानं शे.” मग थोड्या वेळाने, दिवा मालवताना, “मी थांबसू.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं गिटार मी सांभाळली, तारा मी पुसल्या, आणि शेवटी मधला तुकडा तुझा. पण मग विचार केला, की नाना गायले. मला तेच हवं होतं ना? तुला लिहिताना मी तसंच लिहिलं होतं. आता मला आणखी हवंय, त्याला मी काय करू.

बुद्धपौर्णिमेला सावद्याहून बोलावणं आहे. नानांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. त्या केळीच्या कोल्ड रूमच्या रस्त्यावरच मंडप आहे, रस्ता तुला ठाऊकच आहे.

प्राची


धुळे, १५ मे

दादा,

तुझा टॉवेल गच्चीवरच राहिला. निळ्या पट्ट्यांचा. आई म्हणते धुऊन ठेवते.

रेल्वेत जागा मिळाली का? भुसावळला नानांनी तुझ्यासाठी घेतलेली केळी तू पिशवीसकट माझ्या हातात ठेवून गाडीत चढलास, ती आम्ही येताना बसमध्ये खाल्ली. नानांनी चार खाल्ली. खाताना त्यांची बोटं गुडघ्यावर वाजत होती.

तू गेलास तेव्हापासून मी ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा उलगडून बघतेय, स्वप्न होतं की काय म्हणून. मंडपाच्या मागच्या बांबूला टेकून एक माणूस उभा आहे, खांद्यावर बॅग, ती खाली ठेवायची की नाही हे न ठरलेला. मी तुला आधी पाहिलं की नानांनी, यावर आमचं भांडण आहे. मी म्हणते मी. ते म्हणतात, त्यांना तू यायच्या आधीच दिसला होतास. अंतरा संपला, मी बेंजोच्या ओळी वाजवल्या, नाना थांबले, काकांनी ठेका धरला. आणि तू खुर्च्यांच्या मधून चालत आलास. माझ्या हातातून गिटार काढून घेतलीस, माझ्याकडे न बघता, मी जणू तिचा स्टँड आहे. त्याबद्दल तुला कधीतरी ऐकवणार आहे.

आणि दादा, तुला काहीच येईना. कंप्रेसरचे नटबोल्ट आवळून आवळून बोटं जाड झालेली, तीन सूर बरोबर, चौथा चुकला. पुढे तू एका तारेवर नुसता अडखळत राहिलास, ठेका पुढे निघून गेला. लोक बघत होते. तू गिटार खाली ठेवायला निघालास, स्टेजच्या कडेला, तशीच आडवी. मला तो हात माहीत होता.

नानांनी माइक तोंडाशी घेतला. मी डोळे मिटले.

“गितार,” ते म्हणाले, “आखो.”

मग तू पुन्हा सुरुवात केलीस. नाना थांबले होते, काका थांबले होते, सगळं सावदा थांबलं होतं, कोणालाही घाई नव्हती. पुन्हा चुकलास, तेव्हा ते परत म्हणाले, आखो, आणखी एकदा. सूर अंगात आहेत, बोटांना रस्ता सापडत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तिसऱ्या अंतऱ्याला ते आलं, पूर्ण नाही, पण आलं. त्या दोन प-च्या तारांची झणक आली आणि मी डोळे उघडले.

गिटार मी जळगावला नेलेली नाही. ती धुळ्याला बेंजोच्या शेजारी आहे, दोघांवर मिळून एक कापड. आता ती कोणाची हे मी विचारत नाही.

टॉवेल पोस्टाने पाठवणार नाही. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.

प्राची